प्रेत उचलणारे हात : एका उपेक्षित श्रमाचा इतिहास

वसंत ऋतूत स्मशानाची गोष्ट काढणे अनेकांना अशुभ वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. बाहेर पळस फुलून गेला आहे, मोहाची फुले वेचायला बायाबापड्या पहाटेच रानात जात आहेत, आणि आम्ही येथे उभे राहून प्रेताबद्दल बोलणार! परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात जी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचा हेतू केवळ मनोरंजनाचा नव्हता. नागरिकांनी एकत्र बसून, जे घरी बोलता येत नाही तेही विचारात घ्यावे, असाच तो हेतू होता. घराघरांत ज्याचे नावही काढले जात नाही असा एक कामगार आहे. तो तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या घरी कधी तरी येऊन गेला आहे, आणि एक दिवस प्रत्येकाला त्याच्या हाती जावयाचे आहे. त्याच्या हातांचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आम्ही विद्वान नाही. आमचे शिक्षण विडी कारखान्याच्या अंगणात, आणि पुढे वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे हा इतिहास आम्ही एका साध्या प्रश्नापासून सुरू करतो. शवविच्छेदनगृहात काम करणारा, रुळावरचे प्रेत उचलणारा आणि स्मशानात सरण रचणारा माणूस रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून सुरक्षित का नाही? ज्ञान नव्हते म्हणून, की दुसऱ्या कशामुळे?

प्रथम दोन शब्दांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. विटाळ निराळा आणि संसर्ग निराळा. विटाळ मनाने मानलेला असतो. तो जातीवर बसतो आणि पिढ्यान्‌पिढ्या जात नाही. संसर्ग जंतूंनी होतो. तो जात पाहत नाही, आणि साबण, हातमोजे, लस यांनी टळतो. आपल्या समाजाने विटाळाची व्यवस्था मोठ्या काटेकोरपणे लावली. प्रेताला खांदा देऊन आलेला माणूस आंघोळ केल्यावाचून घरात येत नाही. सुतकाचे दिवस मोजले जातात. परंतु ज्याने ते प्रेत उचलले, धुतले, शिवले, त्याने कशाने हात धुवावे, याचा विचार त्या व्यवस्थेत कोठेच नव्हता. त्याला कायमचा विटाळ दिला, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समाजाने मानले.

जुन्या गावगाड्यात मृत्यूची कामे जन्माने वाटलेली होती. परगावच्या नातलगांना मरणाची खबर पोचवणे, सरणाची लाकडे नेणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे महारांकडे होती. त्यांचा मोबदला मजुरी म्हणून ठरलेला नव्हता. धान्याचे बलुते, आणि प्रेतावरचे कापड. मेलेल्याच्या अंगावरचे कापड जिवंताने वापरावे, हा त्याचा ‘हक्क’ म्हटला जाई! १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी असल्या कामांतून आणि असल्या हक्कांतून बाहेर पडा असे सांगितले, तेव्हा ते केवळ मानाची गोष्ट बोलत नव्हते. जे काम जन्माने येते त्याला वेळ नसतो, वेतन नसते आणि संरक्षण तर नसतेच, हे त्यांनी ओळखले होते.

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निराळा झाला. त्यापूर्वी इंग्रजी अमदानीत हा मुलूख मध्यप्रांतात होता. तेथे गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर देत असे. इंग्रजी कायद्याने मृत्यूच्या कामात एक नवीन भर घातली. संशयास्पद किंवा अपघाती मरण असेल तर पंचनामा व्हावा आणि प्रेत सरकारी डॉक्टरकडे तपासणीला जावे, असा नियम आला. तो नियम न्यायासाठी होता आणि योग्यच होता. पण त्यामुळे एक नवीन कामगार जन्मास आला : बैलगाडीवर प्रेत घालून तालुक्याच्या गावी नेणारा, आणि तेथे डॉक्टरसाठी ते उघडून देणारा. लोक ज्याला चिरघर म्हणतात त्या खोलीतला हा माणूस.

१८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंडित मधुसूदन गुप्त यांनी रूढी मोडून मानवी शरीराचे विच्छेदन केले. त्यांच्या धैर्याचा गौरव इतिहासाने केला आणि तो यथार्थ आहे. पण ते शरीर तेथे कोणी आणले, आणि काम आटोपल्यावर ती जागा कोणी धुतली, याचा उल्लेख गौरवात सापडत नाही. आमच्या विषयाचा सारा इतिहास या न लिहिलेल्या ओळीत आहे.

आता ज्ञानाकडे वळू. प्रेताच्या रक्ताने व स्रावाने भरलेले हत्यार जिवंत माणसाला मारू शकते, ही गोष्ट जगाला कधी कळली? काल-परवा नव्हे. १८४७ च्या मार्चमध्ये व्हिएन्ना येथे याकोब कोलेच्का नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक शवविच्छेदन शिकवीत होते. एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. थोड्याच दिवसांत ते वारले. त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांनी त्यांच्या तपासणीचा अहवाल वाचला, आणि त्यांच्या लक्षात आले की बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात जे दिसते तेच येथेही आहे. प्रेते चिरून आलेले डॉक्टर हात न धुता बाळंतिणींना तपासत होते. सेमेलवाइस यांनी मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वॉर्डातील मृत्यूचे प्रमाण एप्रिलमध्ये शेकडा १८ होते, ते जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले.

तो रोग जीवाणूंचा होता. आज आपण ज्या विषाणूंची काळजी करतो ते तेव्हा ठाऊक नव्हते. परंतु धडा तोच. आज ज्या सोडियम हायपोक्लोराइटने शवविच्छेदनाचे टेबल धुवावे असे सांगितले जाते, तेही क्लोरीनचेच द्रावण आहे. म्हणजे इलाज पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे, आणि अगदी स्वस्त आहे.

रक्तातून कावीळ पसरते याचा पुरावा मात्र कामगारांच्या शरीरांनी दिला. १८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन येथे गोदीकामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ही लस माणसाच्या अंगातून काढलेल्या द्रव्यापासून केलेली होती. ज्या १,२८९ जणांना ती टोचली त्यांपैकी १९१ जणांना पुढील काही महिन्यांत कावीळ झाली. निराळी लस घेतलेले सुखरूप राहिले. ल्यूरमान नावाच्या डॉक्टरांनी १८८५ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. १९६५ मध्ये अमेरिकेत डॉ. ब्लूमबर्ग यांना रक्तात ते चिन्ह सापडले, जे पुढे हिपॅटायटिस बी विषाणूचे असल्याचे ठरले. त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये लस आली. १९८३ मध्ये एड्सचा विषाणू सापडला, आणि १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी ओळखला गेला.

या तिघांचा स्वभाव कामगाराने जाणून घेतला पाहिजे. रोग असलेल्या माणसाच्या रक्ताने भरलेली सुई, लस न घेतलेल्याला टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याचा संभव शेकडा ६ ते ३० असतो. हिपॅटायटिस सीचा शेकडा २ च्या आसपास, आणि एचआयव्हीचा हजारात सुमारे ३. म्हणजे ज्या रोगाच्या नावाने सारे घाबरतात त्याहून, ज्याचे नावही घेतले जात नाही तो या कामात कितीतरी अधिक धोक्याचा. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. माणूस मेला की त्याच्या रक्तातले विषाणू त्याच घटकेला मरत नाहीत.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, नाही तर श्रोते भलताच बोध घेऊन घरी जातील. प्रेत म्हणजे विष नव्हे. घरी म्हातारपणाने गेलेल्या आईला आंघोळ घालताना, तिच्या पाया पडताना हे रोग होत नाहीत. स्पर्शाने, हवेने, चितेच्या धुराने ते पसरत नाहीत. अग्नी दिल्यावर तर काहीच उरत नाही. अस्थी वेचण्यात भय नाही. धोका आहे तो रक्ताचा व स्रावांचा, आणि तोही ते जखमेत, डोळ्यांत वा तोंडात गेले तर. म्हणून खरा धोका कोणाला? शवविच्छेदनात सुई-सुरी धरणाऱ्याला, अपघातातील छिन्नभिन्न देह गोळा करणाऱ्याला, आणि इस्पितळातून आलेल्या देहावरची नळी, सुई, ओला कपडा काढणाऱ्याला.

ही कामे आमच्या जिल्ह्यात थोडी नाहीत. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. रुळावर देह सापडतो तेव्हा तो उचलायला वर्दीतले कोण वाकते आणि कोणाला बोलावले जाते, हे स्टेशनवर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी सडक अर्जुनी तालुक्यात गोंदियाकडे येणारी शिवशाही बस उलटली आणि दहाहून अधिक प्रवासी दगावले. त्या दिवशी सारा जिल्हा हळहळला. मंत्र्यांनी मदत जाहीर केली, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. अशा प्रत्येक अपघातानंतर काचा आणि पत्रा यांच्यामधून देह बाहेर काढणारे, ते धुणारे, शिवणारे काही हात असतात. काच त्यांनाही कापते.

आता आम्ही स्वतः पाहिलेली एक हकीकत. जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या चिरघरात एक माणूस काम करी. त्याचे वा रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तो सफाईसाठी होता, पण देह उघडणे आणि शिवणे ही कामे तोच करी. शिवण्यासाठी त्याच्यापाशी गोणी शिवायचा दाभण आणि सुतळी असे. हात उघडे. काम सुरू करण्यापूर्वी त्याला दारूसाठी पैसे मिळत, कारण शुद्धीवर राहून ते काम कोणी करू शकणार नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. आम्ही त्याला एकदा विचारले, “भाऊ, भीती नाही वाटत?” तो हसला. म्हणाला, “जित्या मानसाले भ्याव लागते भाऊ, मेल्याले काहाले भ्याचं?”

एके दिवशी दाभण त्याच्या अंगठ्यात शिरला. त्याने त्यावर तंबाखू-चुना दाबला आणि उरलेले टाके घातले. कोणी नोंद केली नाही. त्यानेही सांगितले नाही. तीन महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले. गावठी औषध झाले, झाडफूक झाली. पावसाळ्याच्या अखेरीस तो गेला. त्याच्या तिरडीला आम्ही खांदा दिला. त्या दाभणानेच ती कावीळ दिली, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. कारण रक्त तपासलेच गेले नव्हते. पण तपासले का गेले नाही, हे मात्र आम्ही शपथेवर सांगू शकतो. तो कोणाचाच कामगार नव्हता.

त्याच्या बायकोसाठी भरपाई मागायला आम्ही गेलो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेला संसर्गजन्य रोग त्या यादीच्या पहिल्याच भागात होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टातही तो घेतला आहे. कायदा आमच्या बाजूचा होता. पण प्रश्न आला, नोकर कोणाचा? रुग्णालयाने सांगितले, ठेकेदाराचा. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. त्याला प्रेतामागे पैसे मिळत आणि ते बहुधा मृताच्या नातलगांकडूनच घेतले जात. कागद नाही, म्हणून कामगार नाही. कामगार नाही, म्हणून रोग व्यवसायजन्य नाही. त्या बाईला आम्ही रिकाम्या हाताने घरी पोचवले.

आणि येथेच आम्हांला आमचा कबुलीजबाब दिला पाहिजे. त्या घटनेपूर्वी दोन वर्षे आमच्याच संघटनेने सफाई कामगारांचे मागणीपत्र दिले होते. त्यात बारा मागण्या होत्या. प्रेताच्या कामासाठी जादा पैसे मिळावेत, ही एक होती. हातमोजे, लस, साबण यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता. आम्ही धोक्याची किंमत वाढवून मागितली. धोका कमी करून मागितला नाही. समाज त्याला दारू देऊन गप्प बसवीत होता, आम्ही पैसे देऊन. फरक फार मोठा नव्हता. हे आठवले की आजही मान खाली जाते.

त्यानंतर आम्ही इतरत्र काय घडले ते वाचू लागलो. अमेरिकेत एड्सची साथ सुरू झाली तेव्हा तेथेही प्रथम भयच पुढे आले. न्यूयॉर्क राज्यातील अंत्यविधी व्यावसायिकांच्या संघटनेने १९८३ मध्ये आपल्या सभासदांना, एड्सने गेलेल्यांच्या देहांवर लेपनाची क्रिया करू नका, असा सल्ला दिला. हा नव्या रूपातला विटाळच होता. पण १९८६ मध्ये तेथील आरोग्य कामगारांच्या संघटनांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी सरकारकडे अर्ज केला : आम्ही काम नाकारत नाही, आम्हांला संरक्षण द्या. १९८७ मध्ये तेथील आरोग्य खात्याने एक तत्त्व मांडले. कोणाला रोग आहे आणि कोणाला नाही हे ओळखण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येकाच्या रक्ताला सारखेच धोकादायक समजा आणि सारखीच काळजी घ्या. डिसेंबर १९९१ मध्ये त्याचा नियम झाला. ज्या कामगाराचा रक्ताशी कामानिमित्त संबंध येतो त्या प्रत्येकाला, शवगृहातील व अंत्यविधीच्या कामगारांनासुद्धा, मालकाने हातमोजे द्यावे, शिक्षण द्यावे, आणि कामावर लागल्यापासून कामाच्या दहा दिवसांत हिपॅटायटिसची लस फुकट देऊ करावी.

या तत्त्वातले शहाणपण आमच्या मनात खोल गेले. ‘सर्वांचे रक्त सारखे’, हे वाक्य आपल्या संतांच्या भूमीत काही नवे नाही. पण तेथे ते उपदेश म्हणून राहिले नाही, कामाचा नियम झाले. त्यामुळे मृताच्या रोगाचा बोभाटा होत नाही, त्याच्या घरच्यांची अब्रू राहते, आणि कामगाराचा जीवही राहतो.

आपल्याकडेही नियम झाले. हिपॅटायटिसची लस पूर्वी परदेशातून येई आणि ती गरिबाला परवडणारी नव्हती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशात तयार केली आणि किंमत अनेक पटींनी उतरली. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले. २०१६ च्या नियमांत, हा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी देण्याची जबाबदारी आरोग्यसंस्थेवर टाकली. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. ज्या आस्थापनेत कामानिमित्त संसर्गाचा मोठा धोका आहे, तिने संरक्षक साधने, शिक्षण आणि सुई टोचल्यानंतरची औषधे द्यावीत, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा चिरघरातील कामगाराचा हक्क आज निःसंशय आहे.

स्मशानातील कामगाराचे तसे नाही. २०१६ च्या नियमांत रुग्णालये आहेत, प्रयोगशाळा आहेत, रक्तपेढ्या आहेत, जनावरांचे दवाखानेसुद्धा आहेत. स्मशानभूमीचे नाव नाही. मात्र १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य ठरवले आहे, आणि खेड्यात ते ग्रामपंचायतीकडे आहे. कर्तव्य जिचे, कामगारही तिचाच, असे आमचे म्हणणे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा काही महिने तरी हे सर्वांना पटले होते. घाटावर अंगभर पोशाख आले, हातमोजे आले, फवारणी आली. करोना हा रक्ताचा रोग नव्हता. तरी त्या वेळी साधने मिळाली, कारण शहराला स्वतःचे भय होते. शहराचे भय सरले, तशी साधनेही सरली. कामगाराचे भय होते तेथेच राहिले.

तात्पर्य, आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. ज्ञानाची उणीव १८४७ पासून नाही, लसीची १९८१ पासून नाही, कायद्याचीही आता फारशी नाही. उणीव आहे ती हजेरीपटावरच्या एका ओळीची. हे ज्ञान प्राध्यापकाच्या बोटापासून निघाले, डॉक्टरांच्या हातापर्यंत आले, परिचारिकांपर्यंत पोचले आणि चिरघराच्या उंबऱ्याशी अडले. कारण आत काम करणाऱ्याला आपण कामगार समजलोच नाही. जन्माचे काम म्हणून बलुत्यात टाकले, ते बलुते गेले तरी ठेक्यात टाकले.

मागणे मोठे नाही. प्रेताशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मग तो कायम असो वा ठेक्यावरचा, हजेरीपटावर यावे. त्याला हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा, आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी, फुकट मिळाव्यात. जाड हातमोजे, डोळ्यांवर आवरण, गुडघ्यापर्यंतचे बूट, न झिरपणारा एप्रन आणि वाहते पाणी मिळावे. दाभण जाऊन योग्य सुई आणि ती टाकायला भक्कम डबा यावा. टोचलेच तर जखम दाबून न पिळता साबण-पाण्याने धुवावी, त्याच दिवशी नोंद व्हावी, आणि एचआयव्ही टाळणारे औषध शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत, सुरू व्हावे. ते २८ दिवस घ्यावे लागते. हिपॅटायटिस सीला लस नाही, पण आज तो औषधाने बरा होतो. मात्र त्यासाठी रक्त वेळेवर तपासले गेले पाहिजे.

आणि आपण नागरिकांनी? नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात मोक्षधामाच्या रंगरंगोटीला पैसे असतात, तेव्हा तेथील माणसाच्या लसीला किती आहेत, हे आपल्या नगरसेवकाला विचारावे. आपल्या घरचा देह इस्पितळातून आणताना सुया-नळ्या काढून, वाहत्या जखमा नीट बांधून द्या, असे तेथे सांगावे. घाटावरच्या माणसाला दारूचे पैसे देऊ नयेत. हातमोज्यांचा एक जोड द्यावा.

आमचा तो मित्र म्हणत असे की मेलेल्याला भ्यायचे कारण नाही. ते खरेच होते. मेलेल्यांनी त्याचे काही वाईट केले नाही. त्याच्या अंगठ्यात दाभण शिरला त्या दिवशी जे जिवंत होते, त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. आणि त्या जिवंतांत आम्हीही होतो. गेल्या काही वर्षांत आमच्या संघटनेची मागणीपत्रे निघाली, त्यांत पहिली मागणी आता पैशांची नसते. ती असते, नाव लिहा. दुसरी असते, लस द्या. जेथे पहिली मान्य झाली तेथे दुसरीला फार दिवस लागले नाहीत, हा आमचा अनुभव आहे. हे काम आमच्या एकट्याच्या संघटनेचे नाही, आपल्या सर्वांचे आहे. कारण ते हात एक दिवस आपल्याला उचलणार आहेत.